आणि सायकल चालवली नसेल तर?

कौमार्य चाचणीची बातमी आली की आपल्याकडे ठरलेला वाद सुरू होतो. कंजारभाट समाजातल्या कुणा नवरीला लग्नाच्या रात्रीनंतर जातपंचायतीने ‘खोटी’ ठरवलेलं असतं. दोन दिवस चॅनेलवर चर्चा चालते. एका बाजूचे म्हणतात, ही आमच्या बापजाद्यांची रीत आहे, तुम्ही कोण सांगणारे? दुसऱ्या बाजूला एक डॉक्टर असतात. ते समजावून सांगतात की योनिपटल म्हणजे योनीच्या तोंडाभोवतीचा एक पातळ पडदा, तो प्रत्येकीचा वेगळा असतो, सायकल चालवताना किंवा खेळताना फाटू शकतो, आणि पहिल्या संबंधाच्या वेळी कित्येकींना रक्त येतच नाही. म्हणून ही चाचणी अवैज्ञानिक आहे. निवेदक मान डोलावतो, घरी बसलेले आपणही डोलावतो. वाद जिंकला असं आपल्याला वाटतं.

मला तसं वाटत नाही. डॉक्टरांचा निष्कर्ष खराच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ मध्ये हेच स्पष्ट केलं की बाईचा पूर्वी संबंध आला होता की नाही, हे कुठल्याही तपासणीने सिद्ध होत नाही. पण चाचणी चुकते हेच आपल्या विरोधाचं मुख्य कारण असेल, तर उद्या न चुकणारी चाचणी निघाल्यावर आपण काय म्हणणार? पंचांच्या हातात खात्रीचं यंत्र दिलं की मग चालेल? सायकलचं उदाहरण देऊन आपण मुलीची बाजू मांडतो, पण ती कशी? ‘हिने काही केलेलं नाही हो, उगाच आळ घेताय’ अशी. म्हणजे केलं असतं तर आळ रास्त होता, हे आपण न बोलता कबूल करून बसतो. माझं म्हणणं सरळ आहे. उत्तर बरोबर येवो की चूक, हा प्रश्न विचारायचा हक्कच पंचांना नाही, नवऱ्याला नाही, पोलिसाला नाही आणि न्यायाधीशालाही नाही.

हे मला एका मुलीने शिकवलं. तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात मी शिकवते. अकरावी-बारावीच्या मुलींसाठी वर्षातून एकदा आरोग्याचा तास असतो, तो माझ्याकडे असतो. बऱ्याच मुली शाळेत असताना सरकारच्या मानव विकास योजनेतून मिळालेल्या सायकलींवरूनच अजून येतात, त्यामुळे सायकलचं उदाहरण त्यांना लगेच कळतं. कित्येक वर्षं मी ते दिलं. एकदा शेवटच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत तिने विचारलं, “आणि मॅडम, सायकल चालवली नसेल तर?” दोघी-तिघी हसल्या. ती हसली नाही. मी म्हटलं, “अगं, बऱ्याच कारणांनी होतं तसं,” आणि फळ्याकडे वळले. तिला कारणांची यादी नको होती. जिच्याकडे सांगायला कारणच नाही, तिने काय करायचं, एवढंच तिला विचारायचं होतं. तास संपेपर्यंत मी तिच्या बाकाकडे पाहिलं नाही.

चाचणीच्या वेळी काय होतं ते एकदा नीट पाहू. नवरा-नवरीला खोलीत पाठवतात, आत पांढरं कापड अंथरलेलं असतं. बाहेर पंच आणि नातलग बसलेले असतात. आत जाण्याआधी नवरीच्या हातातल्या बांगड्या, केसांतल्या पिना, अंगावरचं टोकदार असं सगळं काढून घेतात. हे काम बायकाच करतात. हेतू हा की बोट टोचून तिने कापडावर रक्त पाडू नये. नंतर नवऱ्याला सगळ्यांसमोर विचारतात, माल खरा की खोटा? तो जे म्हणेल ते प्रमाण. मला यातलं सर्वांत बोलकं वाटतं ते पिना काढून घेणं. पिनेची सोय करावी असं कुणाला कधी का वाटलं असेल? निदान बायकांना तरी पिढ्यान् पिढ्या ठाऊक असणार की रक्त येईलच असं नाही. जी गोष्ट आपण चॅनेलवर विज्ञान म्हणून सांगतो, ती तिथल्या आया-आज्यांनी स्वतःच्या अंगावर शिकलेली आहे. मग अज्ञान दूर केलं की प्रथा जाईल, या भरवशावर आपण कसे बसतो? कापड खोटं बोलू शकतं हे कळूनही ते अंथरलं जातं, कारण त्यातून पंचांची सत्ता चालते, दंड वसूल होतो, आणि दुसऱ्या दिवशीपासून ती मुलगी त्या घरात मान वर करून उभी राहणार की नाही हे ठरतं.

परीक्षेत पास होऊनही सुटका होते असं नाही, हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेल्या गोष्टीतच आहे. सीतेने अग्निदिव्य केलं, आगीने तिला निर्मळ ठरवलं, त्याहून खात्रीची चाचणी कुठली असणार? तरी एका परटाच्या बोलण्यावरून ती गरोदरपणी वनात गेली. संशय पुरावा मागतो, पण पुराव्याने तो फिटत नाही.

आता जिच्या मदतीला सायकल येऊ शकत नाही, तिच्याकडे वळते. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस चौकीत मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. वैद्यकीय तपासणीत योनिपटलावरच्या खुणा जुन्या असल्याचं नोंदलं गेलं. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं. तिला संबंधांची सवय होती, हे त्या निकालातलं एक मोठं कारण. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये शिक्षा दिली, ती सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये रद्द केली. तिने आरडाओरडा केला नाही, अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, असं सांगून. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. त्या मुलीचं एका तरुणावर प्रेम होतं, त्याच्याशी तिला लग्न करायचं होतं, हे तिने लपवलं नव्हतं. ‘खेळताना फाटलं असेल’ हा बचाव तिच्या कामाचा नव्हता. तिला हवं होतं ते एवढंच: माझा आधी कुणाशी संबंध होता की नव्हता याचा त्या रात्रीच्या चौकीशी काय संबंध, असं कुणीतरी न्यायालयात ठणकावून विचारणं. न्यायव्यवस्थेला ते पूर्णपणे म्हणायला फार वर्षं लागली. बलात्काराच्या खटल्यात बाई ‘चालचलणुकीने वाईट’ आहे हे दाखवून तिची साक्ष मोडायची मुभा पुरावा कायद्यात २००२ च्या दुरुस्तीपर्यंत होती. योनीत बोटं घालून केली जाणारी ‘दोन बोटांची चाचणी’ बाईच्या खासगीपणावर आणि प्रतिष्ठेवर घाला घालते, असं सर्वोच्च न्यायालय २०१३ मध्ये म्हणालं. ३१ ऑक्टोबर २०२२ ला ते आणखी पुढे गेलं: बाईचा लैंगिक पूर्वेतिहास गैरलागूच आहे, आणि अशी चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. ‘चाचणी खोटी आहे’ इथपासून ‘प्रश्नच गैरलागू आहे’ इथपर्यंत न्यायालय पोचलं. आपल्या चर्चा मात्र सायकलजवळच थांबल्या आहेत.

निर्दोष बाईला सोडवताना बाकीच्या बायांना मागे ठेवण्याची ही चूक आपण आधीही केली आहे. एकोणिसाव्या शतकात विधवाविवाहाचा वाद पेटला, तेव्हा स्मृतींच्या आधाराने एक मधला मार्ग पुढे येई: विधवा ‘अक्षतयोनी’ असेल, म्हणजे संबंध येण्याआधीच नवरा गेला असेल, तर तिच्या पुनर्विवाहाला हरकत नसावी. आठ-दहा वर्षांच्या बालविधवांची दया येणाऱ्यांना हा मार्ग पटे. पण पंधराव्या-सोळाव्या वर्षी विधवा झालेली, नवऱ्यासोबत संसार केलेली मुलगी त्यातून आपोआप बाहेर पडे. सवलत मिळायची ती शरीराच्या कोरेपणाला. लग्नात आपण डोक्यावर ज्या टाकतो त्या अक्षता म्हणजे न मोडलेले तांदूळ, तोच हा शब्द. तांदळाला लावायचं माप माणसाला लावलेलं.

त्याच काळात पुण्यात एका जोडप्याने हे माप हातात धरायलाच नकार दिला. १८६३ मध्ये जोतिबा आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. गरोदर राहिलेल्या विधवांनी इथे यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल ठेवायचं तर ठेवावं, न्यायचं तर न्यावं. आत येणाऱ्या बाईला कुणी फसवलं, तिच्यावर बळजबरी झाली की तिने आपल्या मनाने संबंध ठेवला, हे दारात विचारायचं नाही. फसवल्या गेलेल्यांनाच प्रवेश ठेवला असता तर लोकनिंदा बरीच कमी झाली असती, पण ती अट त्यांनी घातली नाही. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, यशवंत. १८९० मध्ये जोतिबा गेले तेव्हा याच यशवंताच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद घातला आणि सावित्रीबाईंनी टिटवं स्वतःच्या हातात घेतलं. तो मुलगा पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये माय-लेकांनी पुण्याजवळ रुग्णांची सेवा केली, त्यातच सावित्रीबाई गेल्या. ज्याच्या आईला समाजाने ‘बाटलेली’ म्हटलं असतं, तोच मुलगा प्लेगच्या रोग्यांवर उपचार करत होता.

माझ्या बाजूच्याच अनेकांचा इथे एक आक्षेप असतो, आणि तो वजनदार आहे. ते म्हणतात, तत्त्वाचं ठीक आहे हो, पण उद्या सकाळी मार खाणारी मुलगी वाचवायची आहे. सासऱ्याला ‘प्रश्नच विचारू नका’ सांगून तो ऐकणार नाही, ‘डॉक्टर म्हणतात असं होतं’ म्हटलं तर कदाचित ऐकेल. बरोबर आहे. त्या सकाळी, त्या उंबऱ्यावर मीही सायकलच पुढे करीन, त्यात मला कमीपणा वाटणार नाही. पण आणीबाणीत हाताला लागलेली काठी आणि समाजाला शिकवायचं तत्त्व यांत फरक हवा. १८९१ च्या संमतिवयाच्या वादाचं काय झालं पाहा. त्याआधी कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी पस्तिशीतल्या नवऱ्याच्या बळजबरीने मेली, आणि मुलीचं शरीरसंबंधासाठीचं संमतिवय दहावरून बारा करायचा कायदा आला. टिळकांचा विरोध, भांडारकरांचा पाठिंबा, पुण्या-मुंबईत सभांवर सभा. वाद गेला कुठे? पाळी कधी येते, शरीर कितव्या वर्षी तयार होतं, गर्भाधान शास्त्राप्रमाणे केव्हा व्हावं. कायदा झाला, मुली वाचल्या, हे मोठंच काम. पण मुलीची इच्छा हा मुद्दा बाजूलाच राहिला. तो मुद्दा त्याआधी चार वर्षं मुंबईच्या कोर्टात रखमाबाईंनी स्वच्छ मांडला होता. अकराव्या वर्षी न कळत्या वयात झालेलं लग्न मी मानत नाही, नवऱ्याकडे जाणार नाही, सहा महिने तुरुंगात जाईन. शरीर तयार आहे की नाही यावर त्यांचा मुद्दा उभा नव्हता. पुढे लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या, तरी त्यांचा युक्तिवाद वैद्यकाचा नव्हता. इच्छेचा तो मुद्दा बाजूला ठेवल्याची किंमत अजून चुकती होते आहे. आजच्या भारतीय न्याय संहितेतही अठरा वर्षांवरच्या पत्नीवर नवऱ्याने केलेली बळजबरी बलात्कारात धरत नाहीत. वय वाढत गेलं, संमती तिथेच राहिली.

दुसरा आक्षेप कंजारभाट समाजाचा, आणि तो मी मान खाली घालून ऐकते. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, पोलिसात हजेरी लावायला लावली, तारेच्या कुंपणात कोंडलं, त्यांत हा समाज होता. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का कायद्याने पुसला, लोकांच्या मनातून पुसला नाही. ज्याला पोलीस म्हणजे मार एवढंच माहीत, त्याने आपले तंटे पंचांकडे नेले यात नवल काय? आणि हे लोक विचारतात, कॅमेरा आमच्याच खोलीबाहेर का? त्यांना विचारायचा हक्क आहे. जानेवारी १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या पस्तीस वर्षांच्या भारतीय शिक्षिकेची कौमार्य तपासणी ब्रिटिश अधिकाऱ्यांनी करवली, तिथे कुठली जातपंचायत होती? आपल्या वैद्यकीय पुस्तकांत ‘कौमार्याची लक्षणं’ कालपरवापर्यंत शिकवली जात होती. सेवाग्रामचे डॉ. इंद्रजीत खांडेकर यांनी पाठपुरावा केल्यावर महाराष्ट्राच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २०१९ मध्ये ती काढायचं ठरवलं. तरी २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात कौमार्य आणि योनिपटलाचं ‘महत्त्व’ पुन्हा आलं, टीका झाल्यावर काही दिवसांत मागे घेतलं गेलं. आणि आपली घरं? स्थळ बघताना ‘मुलगी सरळ आहे ना, कॉलेजात काही नव्हतं ना’ म्हणून शेजारी चौकशी करणं, तिच्या इन्स्टाग्रामचे जुने फोटो चाळणं, ‘पाऊल वाकडं पडलंय का’ हे मामाकडून काढून घेणं. वर्तमानपत्र अजून ‘अब्रू लुटली’ लिहितं, जणू गुन्हेगाराने बाईकडचं काहीतरी नेलं आणि ती आता त्याविना आहे. पांढरं कापड आपण अंथरत नाही इतकंच.

तर हा समाज एकटाच आरोपी नाही, हे मान्य. पण यातून चाचणी चालू ठेवायचा हक्क निघतो का? ज्या समाजाच्या देहावर सरकारने शिक्का मारला, त्याला तर दुसऱ्याच्या देहावर शिक्का मारणं म्हणजे काय हे सर्वांच्या आधी कळायला हवं. आणि ते कळलं आहेच. २०१७-१८ मध्ये या प्रथेविरुद्ध उठलेली तरुण पोरं-पोरी त्याच समाजातली होती, बाहेरून आलेली नव्हती. जानेवारी २०१८ मध्ये पिंपरीत लग्नाच्या ठिकाणी त्यांतल्या काहींना मारहाण झाली. पुढे चाचणी नाकारून लग्न करणारी जोडपी निघाली आणि बहिष्काराला सामोरी गेली. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात २०१७ पासून लागू आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये अशी चाचणी लैंगिक अत्याचार मानण्याचं राज्य सरकारने जाहीर केलं. ‘बाहेरच्यांनी बोलू नये’ म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारीन, आतले बोलले तेव्हा त्यांचं काय केलंत?

तिसरा आक्षेप सुशिक्षित तरुणांकडून येतो. मी स्वतः लग्नापर्यंत थांबलो, बायकोकडून तीच अपेक्षा ठेवली तर बिघडलं कुठे? अपेक्षा ठेवायला कुणाची ना नाही. थांबणं हा मुलाचा किंवा मुलीचा आपला निर्णय असू शकतो, त्याचा मान राखावा, माझ्या विद्यार्थिनींपैकी कित्येक जणी मनापासून थांबणार आहेत. पण अपेक्षा असेल तर लग्नाआधी समोर बसून बोलावं, आपलं सांगावं, तिला सांगायचं नसेल तर नको म्हणून उठून जायची मोकळीक दोघांनाही असावी. दोन माणसांनी एकमेकांना विचारणं वेगळं आणि एकाने दुसऱ्याला तपासणं वेगळं. ज्या तपासणीत पुरुषासाठी कापडच नाही, तिला सचोटीची अपेक्षा म्हणता येणार नाही. आपल्या निमंत्रणपत्रिकांत, हजेरीपटांत मुलगी ‘कु.’ असते, मग ‘सौ.’ होते. मुलगा मात्र ‘श्री.’ झाला की लग्नाआधी आणि नंतर ‘श्री.’च. तिचा लैंगिक इतिहास नावाआधी छापलेला, त्याचा कुणी विचारत नाही. ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये हेच विचारलं होतं: जे दोष तुम्ही बाईच्या अंगी लावता, ते पुरुषाच्या अंगी नाहीत काय? सुरतेत एका विधवेला बालहत्येसाठी शिक्षा झाली, त्या निमित्ताने त्यांनी लेखणी उचलली. त्या विधवेला निष्पाप ठरवण्यात त्या गुंतल्या नाहीत. तिला त्या टोकाला नेणाऱ्या पुरुषाला त्यांनी उभं केलं.

यंदाच्या तासाला मी सायकल वगळली. योनिपटलाचं चित्र काढलं, त्याने काही सिद्ध होत नाही हे दोन वाक्यांत सांगितलं आणि पुढे म्हटलं की सिद्ध झालं असतं तरी ते विचारायचा कुणाला अधिकार नव्हता. लग्नाआधी तुमचं काही झालं असेल वा नसेल, तुमच्या मर्जीने असेल किंवा कुणी बळजबरी केली असेल, तुमची किंमत त्यावर ठरत नाही. बळजबरी झाली असेल तर आधी मला येऊन सांगा. वर्ग गप्प होता. मग मधल्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, “हे तुम्ही सांगता ते ठीक आहे मॅडम, पण आईला काय सांगू?” तासाची उरलेली वीस मिनिटं आम्ही त्यावरच बोललो. आईला तिच्या वेळी काय विचारलं गेलं होतं, तिच्या आईला काय, इथपर्यंत गोष्ट गेली. घंटा झाली तरी मुली उठल्या नव्हत्या, आणि दाराशी पुढच्या तासाचे सर येऊन थांबले होते.